मोहन, साटा आणि तळण : स्निग्ध पदार्थांची निवड व त्यांचे पर्याय

पाकशास्त्रात तेल, तूप, लोणी व वनस्पती तूप या स्निग्ध पदार्थांचा विचार बहुधा दोन दृष्टींनी केला जातो. एक दृष्टी आरोग्याची आणि दुसरी किमतीची. या दोन्ही दृष्टी आवश्यक आहेत. परंतु एका स्निग्ध पदार्थाऐवजी दुसरा योजावयाचा असेल, तर त्या पुरेशा पडत नाहीत. पदार्थाच्या घडणीत ते तेल किंवा तूप कोणते काम करीत होते, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. त्याचे उत्तर न शोधता केलेला बदल फसतो आणि दोष मात्र पिठाला, भट्टीला किंवा करणाऱ्याच्या हाताला दिला जातो.

हा प्रश्न आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने खाद्य तेले व स्निग्ध पदार्थ यांतील औद्योगिक ट्रान्स वसाम्लांची कमाल मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून शेकडा ३ आणि १ जानेवारी २०२२ पासून शेकडा २ अशी ठरविली. महाराष्ट्रातील लहान बेकऱ्यांची खारी, नानकटाई, टोस्ट आणि बटर कित्येक दशके ज्या वनस्पती तुपावर उभी होती, ते तूप त्याच्या जुन्या स्वरूपात वापरणे या नियमामुळे अशक्य झाले. नाशिकच्या एखाद्या भट्टीवाल्यास त्याऐवजी काय घ्यावे हे ठरवावयाचे असेल, तर डब्यावरील नाव पाहून भागत नाही. आणि दिवाळीच्या फराळासाठी तुपाऐवजी तेल योजू पाहणाऱ्या गृहिणीपुढेही, प्रमाण लहान असले तरी, प्रश्न तोच असतो.

सुदैवाने मराठी पाकपरंपरेने या कामांची वर्गवारी फार पूर्वीच करून ठेवली आहे. पिठात घालावयाचे ते मोहन, पोळ्यांच्या थरांमध्ये लावावयाचा तो साटा, मसाल्याचा स्वाद उतरवून घेणारी ती फोडणी, आणि ज्यात पदार्थ बुडवून शिजवावयाचा ते तळण. तेलतूप तेच असले तरी कामानुसार त्याचे नाव बदलते. या शब्दांमागे जो अनुभव साठलेला आहे, त्याची रसायनशास्त्राच्या भाषेत फोड करता येते, आणि ती केली म्हणजे पर्यायाचा प्रश्न बराचसा सुटतो.

प्रथम मोहनाचा विचार करू. गव्हाच्या पिठातील ग्लायाडिन व ग्लुटेनिन ही प्रथिने पाण्याच्या सान्निध्यात एकमेकांत गुंतून ग्लुटेनचे चिवट जाळे तयार करतात. पोळीला हे जाळे हवे असते, शंकरपाळ्यास ते नको असते. पाणी घालण्यापूर्वी पिठात कडकडीत तापविलेले तेल किंवा तूप घालून ते दोन्ही हातांनी चोळले, की पिठाच्या कणांवर स्निग्धतेचे पातळ आवरण चढते. मागाहून घातलेले पाणी सर्व प्रथिनांपर्यंत पोचत नाही. जाळे तुटक राहते आणि तळलेला पदार्थ दातांखाली खुसखुशीत लागतो. मोहन तापवून घालण्याचे कारणही यातच आहे. तापलेल्या तेलाची श्यानता कमी होते व ते थोडक्या प्रमाणात अधिक पृष्ठभागावर पसरते. चोळलेले पीठ मुठीत दाबले असता मुटका वळला पाहिजे, ही जुनी परीक्षा म्हणजे हे आवरण सर्वत्र चढल्याची खूण होय.

येथे स्निग्ध पदार्थाचे काम केवळ आवरण घालण्याचे असल्यामुळे तो घट्ट आहे की पातळ, याला फारसे महत्त्व नाही. तसाही तो वितळवूनच घालावयाचा असतो. म्हणून शंकरपाळे, करंजीची पारी, चकली, शेव या पदार्थांत तुपाऐवजी तितक्याच वजनाचे तेल निर्वेधपणे चालते. स्वादात अंतर पडते हे खरे, आणि तुपाचे मोहन गार झाल्यावर पुन्हा थिजत असल्याने पदार्थाला जो एक कोरडा ठिसूळपणा येतो तो तेलाने तितकासा येत नाही. परंतु घडण बिघडत नाही. बिघडते ती प्रमाण चुकल्याने. मोहन कमी पडले तर पदार्थ कडक होतो आणि अधिक झाले तर त्यास धरून ठेवणारे काही उरत नाही. करंजी तळताना उकलते, चकली कढईत विरू लागते. भाजणीत तांदूळ व डाळी यांचेच प्रमाण मोठे असल्याने मुळात ग्लुटेन नाममात्र असते, म्हणून चकलीला मोहनाची चूक सर्वांत लवकर बाधते. अनारसा तुपात पसरून फुटला की तो ‘हसला’ असे म्हणतात. त्याचा दोष मात्र बहुधा तुपाकडे नसून गुळाच्या वाढलेल्या प्रमाणाकडे असतो.

साट्याची गोष्ट अगदी निराळी आहे. चिरोट्यासाठी लाटलेल्या पोळ्या एकावर एक ठेवताना त्यांच्यामध्ये तूप व तांदळाची पिठी फेसून केलेला साटा लावतात. या साट्याने दोन थरांना एकमेकांपासून अलग ठेवावयाचे असते. त्याच्या जागी तेल लावले तर ते पोळीत मुरते, थर एकमेकांस चिकटतात, आणि गुंडाळी कापून लाटल्यावर तळताना पदर सुटत नाहीत. येथे स्निग्ध पदार्थ घट्टच हवा. पण घट्ट म्हणजे कसा, याचे उत्तर साधे नाही.

मराठी घरात उत्तम तुपाची खूण म्हणजे ते रवाळ असणे. लोणी कढवून गाळलेले तूप सावकाश थंड होऊ दिले, की त्यात स्फटिकांची बीजे थोडी निर्माण होतात आणि प्रत्येक बीजाभोवती मोठा स्फटिक वाढतो. हेच ते तुपाचे रवे. वरणभातावर असे तूप शोभते. साट्यास मात्र ते निरुपयोगी असते, कारण जाड रव्यांच्या मधून पातळ भाग पाझरून निघतो. म्हणून साट्याचे तूप परातीत थंड पाण्याबरोबर किंवा बर्फाच्या तुकड्याबरोबर तळहाताने फेसावयाचे, वरचे पाणी टाकून द्यावयाचे, आणि ते पांढरेशुभ्र व लोण्यासारखे मऊ झाले म्हणजे त्यात पिठी मिसळावयाची, अशी रीत आहे. फेसण्याने मोठे स्फटिक मोडतात, थंडाव्याने वितळलेल्या भागाचे पुन्हा बारीक स्फटिक बनतात, आणि हवेचे सूक्ष्म बुडबुडे त्यांच्यामध्ये अडकतात. पांढरेपणा येतो तो या बारीक स्फटिकांवर व बुडबुड्यांवर प्रकाश विखुरल्यामुळे. स्निग्ध पदार्थांचे स्फटिक आल्फा, बीटा-प्राइम व बीटा अशा रूपांत आढळतात. त्यांपैकी बीटा-प्राइम रूपाचे बारीक, सुईसारखे स्फटिक हवा धरून ठेवण्यास सर्वांत योग्य असतात. बेकरीसाठी लागणारे स्निग्ध पदार्थ कारखान्यात वेगाने थंड करून घुसळले जातात, ते याच रूपाचे बारीक स्फटिक मिळावेत म्हणून. परातीतील हाताचे काम आणि कारखान्यातील हे काम यांत तत्त्वतः भेद नाही.

नानकटाईत याच हवेला मोल असते. तूप व साखर फेसताना साखरेच्या कणांच्या कडांनी तुपात असंख्य सूक्ष्म पोकळ्या निर्माण होतात. खाण्याच्या सोड्यातून निघणारा वायू नव्या पोकळ्या निर्माण करीत नाही. आधीच्या पोकळ्यांत शिरून तो त्या फुगवितो. म्हणून फेसण्यात केलेली कसूर सोडा वाढवून भरून निघत नाही, फक्त साबणासारखी चव येते. तेल कितीही फेसले तरी त्यात स्फटिक नसल्यामुळे हवा टिकत नाही. तेलाची नानकटाई म्हणूनच बसकी होते व पत्र्यावर पसरते. दिवाळीच्या आधी घरचे साहित्य भट्टीवर नेऊन नानकटाई भाजून आणण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक शहरांत होती. भट्टी एक, भाजणारा हात एक, तरी दर घरच्या पत्र्यावरची नानकटाई वेगळी निघे. तिचे भांडण भट्टीवाल्याशी होई. कारण मात्र बहुतांशी पिशवीतून आलेल्या तुपात असे.

घट्टपणा हा तापमानाचा गुण आहे, पदार्थाचा नव्हे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. शुद्ध रासायनिक पदार्थ एका निश्चित अंशावर वितळतो. तेलातुपांत अनेक प्रकारची ट्रायग्लिसराइडे मिसळलेली असल्याने ती एका मोठ्या टप्प्यात हळूहळू वितळतात, आणि त्या टप्प्यात काही भाग घन व काही भाग द्रव असतो. ही मधली अवस्था म्हणजेच मळता, पसरता व फेसता येण्याजोगी अवस्था. खोबरेल तेल २४ ते २५ अंश सेल्सियसच्या आसपास जवळजवळ एकदम वितळते. त्यामुळे त्याला ही अवस्था फारच थोडी लाभते. पाम तेल साधारण ३३ ते ३९ अंशांच्या दरम्यान पुरते वितळते. कोकमाच्या बियांपासून निघणारे मुठेल स्टिअरिक आम्लाने समृद्ध असल्याने चाळिशीच्या आसपास वितळते व त्याखाली दगडासारखे कठीण असते. तुपाचा टप्पा लांब आहे, आणि त्याच्या उपयुक्ततेचे एक कारण हेच आहे.

नाशिक जिल्ह्यात या गोष्टीला विशेष अर्थ प्राप्त होतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. निफाड तालुक्यातील कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात हिवाळ्यातील किमान तापमान ५ अंशांच्या खाली उतरल्याच्या नोंदी वारंवार होतात, तर त्याच जिल्ह्यातील मालेगावी उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. डिसेंबरच्या पहाटे निफाडला जे तूप सुरीने कापावे लागते, तेच मे महिन्यात मालेगावी ओतता येते. मुंबईच्या सम हवेत बसविलेली कृती येथे वर्षभर एकसारखी चालेल अशी अपेक्षा करणे चुकीचे आहे. अनुभवी कारागीर उन्हाळ्यात कणीक मळण्यास थंड पाणी घेतो, काम पहाटे उरकतो, आणि हिवाळ्यात तुपाचा डबा भट्टीजवळ आणून ठेवतो. या सगळ्या उपायांचा हेतू स्निग्ध पदार्थास त्याच्या मधल्या अवस्थेत आणणे हाच असतो. प्रयोगशाळेत हीच गोष्ट निरनिराळ्या तापमानांस घन भागाचे शेकडा प्रमाण मोजून मांडतात. पूर्वी हे मापन प्रसरणमापकाने होत असे, आता ते चुंबकीय अनुस्पंदनाने काही मिनिटांत होते. बेकरीसाठी स्निग्ध पदार्थ निवडताना एकट्या वितळबिंदूपेक्षा हा आलेख पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

वनस्पती तुपाचा उदय या पार्श्वभूमीवर समजून घेतला पाहिजे. जर्मन रसायनज्ञ विल्हेल्म नोर्मान याने द्रव तेलांच्या हायड्रोजनीकरणाचे एकस्व १९०२ मध्ये घेतले. निकेल या उत्प्रेरकाच्या सान्निध्यात तापलेल्या तेलातून हायड्रोजन वायू सोडला म्हणजे असंतृप्त वसाम्लांचे द्विबंध भरले जातात व तेल घट्ट होते. भारतात हा पदार्थ प्रथम युरोपातून आला. १९३० नंतरच्या दशकात मुंबईला शिवडी येथे त्याचे उत्पादन सुरू झाले, आणि १९३७ मध्ये बाजारात आलेले ‘डालडा’ हे नाव पुढे सर्वच वनस्पती तुपांचे सामान्यनाम होऊन बसले. देशी कारखाने प्रारंभीच्या काळात मुख्यतः शेंगदाण्याचे तेल वापरीत. प्रक्रिया हव्या त्या टप्प्यावर थांबविता येत असल्याने कोणत्याही हवेला साजेसा घट्टपणा साधता येई. तुपाला जे जमत नव्हते ते या स्वस्त पदार्थाला जमले. नानकटाई व खारी सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली ती यामुळे, हे त्याच्या टीकाकारांनीही नाकारण्याचे कारण नाही.

टीका मात्र आरंभापासून झाली, आणि ती प्रामुख्याने भेसळीसंबंधी होती. पर्याय आणि भेसळ यांत पदार्थाचा भेद नसतो, सांगण्या-न सांगण्याचा असतो. वनस्पती तूप रंगरूपाने तुपासारखे असल्यामुळे ते तुपात मिसळले जाई. त्याला रंग द्यावा अशी सूचना पुढे आली. पण तापवूनही न जाणारा, निरुपद्रवी व सर्वमान्य असा रंग हाती आला नाही. अखेरीस कायद्याने निराळाच मार्ग काढला. वनस्पती तुपात किमान शेकडा ५ तिळाचे तेल घालणे बंधनकारक झाले. तिळाच्या तेलातील विशिष्ट घटकामुळे हायड्रोक्लोरिक आम्ल व फुरफुराल यांच्याशी गुलाबी-किरमिजी रंग येतो. बोदुआँच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या परीक्षेत संशयित तुपाला तसा रंग आला की भेसळ उघड होई. तुपाच्या स्वतःच्या परीक्षा इतक्या सरळ नाहीत. सरकी खाणाऱ्या जनावरांच्या दुधापासून निघालेल्या तुपाची रासायनिक मूल्ये मुळातच वेगळी असल्याने, कपाशीच्या प्रदेशातील शुद्ध तूपही अशुद्ध ठरू नये म्हणून नियमांत त्यासाठी वेगळ्या मर्यादा ठेवाव्या लागल्या होत्या.

खरा दोष पुढे निराळ्याच ठिकाणी सापडला. हायड्रोजनीकरण अर्ध्यावर थांबविले असता काही द्विबंध भरले न जाता केवळ आपली अवकाशरचना बदलतात. ऑलिइक आम्लाचा वाकलेला रेणू सरळ होतो व त्याचे इलायडिक आम्ल बनते. सरळ रेणू एकमेकांशी घट्ट रचले जातात, म्हणून वितळबिंदू वाढतो. बेकरीला हवा असलेला घट्टपणा काही अंशी या ट्रान्स वसाम्लांचाच होता. नेदरलँड्समधील मेन्सिंक व काटान यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारप्रयोगात, या आम्लांनी रक्तातील हानिकारक कोलेस्टेरॉल वाढते व त्याबरोबरच उपकारक कोलेस्टेरॉल घटते असे दिसून आले. संतृप्त वसाम्लांविषयीचा आक्षेप एकेरी होता, हा दुहेरी ठरला. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औद्योगिक ट्रान्स वसाम्ले जगातील अन्नातून काढून टाकण्याचे आवाहन केले. भारतातील वर उल्लेखिलेला नियम त्यानंतरचा आहे. तुपात व लोण्यातही थोडी ट्रान्स वसाम्ले निसर्गतः असतात. ती रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या जठरातील जिवाणूंमुळे तयार होतात व औद्योगिक या संज्ञेत मोडत नाहीत. तेलाचे हायड्रोजनीकरण पुरते केले तर ट्रान्स वसाम्ले जवळजवळ उरतच नाहीत, परंतु तो पदार्थ मेणासारखा कठीण होतो. म्हणून आता असा कठीण भाग किंवा पाम तेलाचा घन अंश द्रव तेलाबरोबर घेऊन त्यांतील वसाम्लांची अदलाबदल घडवून आणतात. ‘बेकरी शॉर्टनिंग’ या नावाने मिळणारे पुष्कळसे पदार्थ पाम तेल व त्याचे अंश यांवर आधारलेले असतात. त्यांत ट्रान्स वसाम्ले नगण्य, पण संतृप्त वसाम्ले भरपूर असतात, हे डब्यावरील ‘ट्रान्समुक्त’ हा शब्द वाचताना विसरता कामा नये.

आता प्रत्यक्ष प्रमाणांकडे वळू. तूप व वनस्पती तूप ही जवळजवळ निव्वळ स्निग्ध असतात. लोण्याच्या बाजारी वडीत स्निग्धांश किमान शेकडा ८० व पाणी शेकडा १६ पर्यंत असते. ज्या कृतीत २०० ग्रॅम लोणी सांगितले आहे, तेथे स्निग्धांश १६० ग्रॅम आणि पाणी सुमारे ३० ग्रॅम असते. तेव्हा त्याऐवजी १६० ग्रॅम तूप व सुमारे दोन मोठे चमचे पाणी घेणे योग्य. सरसकट २०० ग्रॅम तूप घेतले तर केक जड व तेलकट होतो. उलट, तुपाच्या नानकटाईत तितक्याच वजनाचे लोणी घातले तर दुहेरी चूक होते. स्निग्धांश कमी पडतो आणि ज्या पिठास पाणी मुळीच लावावयाचे नव्हते त्यास ते लागते. ग्लुटेन जागे होते व नानकटाई कडक निघते. खारवलेले लोणी घेतल्यास मीठ कृतीतून वजा करावे लागते ते वेगळेच. ‘लोण्याच्या पाऊणपट तेल’ असा जो नियम पाककृतींत आढळतो, त्याचा उलगडाही याच हिशेबाने होतो. २०० ग्रॅमचे पाऊणपट १५० ग्रॅम. ते १६० पेक्षा किंचित कमी आहे, कारण द्रव तेल घट्ट तुपापेक्षा सहज सर्वत्र पसरते. हा नियम केकास लागू पडतो, कारण तेथे अंडे किंवा दही तेलास पायसरूपात धरून ठेवते आणि हवा अंड्याच्या फेसातून किंवा सोड्यातून मिळते. तेलाचा केक पुढे दोन दिवस मऊ राहतो हा त्याचा लाभच आहे. खारीला हा नियम लावणे मात्र व्यर्थ होय.

खारी हा या सर्व पर्यायांचा कस पाहणारा पदार्थ आहे. मैद्याच्या कणकेत स्निग्ध पदार्थाची लादी गुंडाळून ती पुनःपुन्हा लाटावयाची व घडी घालावयाची, असे केले म्हणजे शेकडो थर तयार होतात. भट्टीत कणकेतील पाण्याची वाफ होते व ती थरांना उचलते. वितळलेला स्निग्ध पदार्थ तेवढा वेळ त्यांना चिकटू देत नाही. यासाठी लाटताना कणीक व स्निग्ध पदार्थ यांचा मऊपणा जवळजवळ सारखा असावा लागतो. स्निग्ध पदार्थ अधिक मऊ असला तर कडांतून बाहेर येतो, अधिक कठीण असला तर तुटून थर फाडतो. लोण्याने उत्तम खारी होते, पण लोण्याचा मऊपणा टिकण्याचा टप्पा अरुंद असल्याने थंड खोलीवाचून ते नाशिकच्या उन्हाळ्यात हाताळता येत नाही, आणि किंमत तर लहान भट्टीस परवडणारी नसतेच. वितळबिंदू वाढविलेले मार्गरीन काम सोपे करते. परंतु तोंडाचे तापमान ३७ अंशांच्या आसपास असल्याने त्याहून पुष्कळ वर वितळणारा पदार्थ टाळूला मेणासारखा चिकटतो. चहात बुडवून खाल्ल्यास हा दोष झाकला जातो. खारी चहाबरोबरच खाण्याच्या रूढीने कारागिरांना बरीच सूट दिली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

फोडणी व तळण यांत घट्टपणाचा प्रश्न उलटा होतो. नाशिकच्या मिसळीचा कट घेतला तर त्यात तेल विद्रावकाचे काम करते. लाल मिरचीतील रंगद्रव्ये व तिखटपणा पाण्यात उतरत नाहीत, तेलात उतरतात. ‘मसाल्याला तेल सुटेपर्यंत परतावे’ ही सूचना अत्यंत शास्त्रीय आहे. वाटणात पाणी असेपर्यंत त्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. पाणी आटले म्हणजे तेल वेगळे होऊन कडेला दिसू लागते, तापमान चढते आणि कांदा-खोबऱ्याच्या भाजलेपणाचा स्वाद तेथून पुढे येतो. या कामी थिजणारा स्निग्ध पदार्थ चालत नाही, कारण थंडीच्या दिवसांत कटावर साय धरते व ती ओठांना लागते. कमी तेलाची मिसळ फिकी दिसते ती मसाला कमी पडल्याने नव्हे, तर रंग वाहून नेणारे माध्यमच कमी पडल्याने.

चिवड्यात प्रश्न टिकाऊपणाचा असतो. तळलेला पोहा सच्छिद्र असतो. त्याच्या विस्तृत पृष्ठभागावर तेलाचा पातळ थर हवेच्या संपर्कात राहतो. लिनोलिइक आम्लाचे ऑक्सिडीकरण ऑलिइक आम्लाच्या मानाने दहापटीहून अधिक वेगाने होते. म्हणून आरोग्यास हितकर म्हणून नावाजलेले करडईचे जुन्या वाणांचे तेल, ज्यात लिनोलिइक आम्ल शेकडा ७५ च्या आसपास असते, चिवड्यात लवकर खवट होते. शेंगदाण्याचे तेल अधिक टिकते. पाम तेलाचा द्रव अंश त्याहून टिकतो व स्वस्त पडतो, पण त्यात संतृप्त वसाम्ले शेकडा ४० हून अधिक असतात. टिकाऊपणा व पथ्य यांची ही ओढाताण केवळ तेल बदलून मिटत नाही. ऑलिइक आम्ल वाढविलेले करडईचे व सूर्यफुलाचे वाण हा त्यातल्या त्यात समतोल मार्ग दिसतो. पुनःपुन्हा तापविलेल्या तळणाची गोष्ट तर वेगळीच आहे. तेथे मूळ तेल कोणते हा प्रश्न मागे पडतो. १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची मर्यादा शेकडा २५ ठरविण्यात आली आहे. तेल दाट होणे, फेस न मोडणे व कमी आचेवर धूर येणे या कारागिराच्या जुन्या खुणा बहुधा याच दिशेने बोट दाखवितात, परंतु अनेकदा मर्यादा ओलांडल्यानंतर.

स्थानिक तेलांचा विचार या कसोट्यांवर केला तर काही गोष्टी स्पष्ट होतात. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी या पश्चिम तालुक्यांत नागली-वरईच्या जोडीने वरकस जमिनीत खुरासणी पिकते. तिचे घाणीचे तेल लिनोलिइक आम्लाने समृद्ध व विशिष्ट वासाचे असते. फोडणीला, चटणीला ते उत्तम. साठवणीच्या तळणास अयोग्य. आणि साट्यास तर अर्थातच निरुपयोगी. ज्या वाड्यापाड्यांवर ते गाळले जाते तेथे ते ताजेच संपते, म्हणून त्याचा दोष तेथे जाणवत नाही. शहरातील दुकानात महिनोन् महिने पारदर्शक बाटलीत राहिले की तो जाणवतो.

द्रव तेलाला घट्ट करण्याचे जे प्रयोग अलीकडे जगभर चालू आहेत, त्यांत भाताच्या कोंड्याच्या मेणाचा उपयोग लक्षणीय आहे. थोड्याशा मेणाने तेलाचा लोण्यासारखा गोळा होतो, आणि संतृप्त वसाम्ले फारशी वाढत नाहीत. बिस्किटांत त्याने बऱ्यापैकी काम केले आहे; खारीसारख्या थरांच्या पदार्थात मात्र लाटण्याचा दाब पडताच त्याची रचना मोडते व ती पुन्हा पूर्ववत होत नाही. इगतपुरी तालुक्यातील घोटी येथे भातगिरण्या मोठ्या संख्येने आहेत आणि कोंडा हे त्यांचे उपउत्पादन आहे. परंतु भात भरडला जाताच कोंड्यातील लायपेज हे एंझाइम त्यातील तेलावर क्रिया करू लागते व काही तासांतच मुक्त वसाम्ले वाढत जातात. खाद्य तेल हवे असेल तर कोंड्यास गिरणीतून निघताच वाफेची उष्णता देऊन हे एंझाइम निष्क्रिय करावे लागते, आणि ही सोय गिरणीच्या आवारातच असावी लागते.